आधी औषध, मग नाव

रक्तप्रवाहात यीस्ट सापडणे ही वैद्यकाच्या इतिहासातील तुलनेने अर्वाचीन घटना आहे. यीस्ट म्हणजे एका पेशीला कळीसारखी दुसरी पेशी फुटून वाढणारी एकपेशीय बुरशी. तिच्यातील कँडिडा या गटाच्या कित्येक जाती निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर आयुष्यभर मुकाट राहतात, आणि तान्ह्या मुलाच्या जिभेवर धरलेला पांढरा थर किंवा मधुमेही माणसाच्या त्वचेच्या घडीत सुटलेली खाज यापलीकडे त्यांचा उपद्रव सहसा जात नाही. त्यांना रक्तात शिरायचे तर वाट कोणीतरी मोकळी करून द्यावी लागते, आणि ती बहुधा उपचारच करून देतात: मोठ्या नीलेत कित्येक दिवस ठेवलेली नळी, आतड्यातील जीवाणूंची वस्ती उद्ध्वस्त करणारी प्रतिजैविके, पांढऱ्या पेशी घटवणारी कर्करोगावरील औषधे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून दिले जाणारे पोषण. ज्या गावात अतिदक्षता विभाग नाही त्या गावात हा रोगही जवळजवळ नसतो. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात रत्नागिरी जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्ण बोटीने किंवा घाटरस्त्याने मुंबईस, कोल्हापुरास नाहीतर मिरजेस नेला जाई. त्यामुळे रक्तातल्या यीस्टची कोकणातील कथा सुरू होते ती उशिरा, आणि तिचे आधीचे प्रकरण घडते ते घाटावर, पुण्याजवळच्या पिंपरीत.

त्याही आधी या सूक्ष्मजीवांना नावे मिळण्याचा काळ येतो. १८३९ साली बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन शल्यचिकित्सकाने ज्वराने मृत झालेल्या एका रुग्णाच्या घशातील पांढऱ्या थरात बुरशी पाहिली, आणि तिलाच ज्वराचे कारण समजून बसला. १८५३ मध्ये शार्ल रोबँ याने पॅरिसमध्ये तिला ‘ओइडियम अल्बिकान्स’ म्हटले, आणि १९२३ साली क्रिस्टीन बेर्खाउट या डच विदुषीने उट्रेख्ट येथील आपल्या प्रबंधात ‘कँडिडा’ हे कुलनाम रूढ केले. या नावांच्या मांडामांडीत भारताच्या शेजारचा एक धागा आहे. कोलंबो येथे काम करणाऱ्या आल्दो कास्तेल्लानी या इटालियन वैद्याने १९१० मध्ये ज्या जाती वर्णिल्या, त्यांत आज ‘कँडिडा ट्रॉपिकॅलिस’ म्हणून ओळखली जाणारी जात होती. उष्ण प्रदेशाचे नाव धारण करणारी ही जात पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत अल्बिकान्सच्या सावलीत, दुय्यम म्हणून राहिली. कारण पाठ्यपुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली जात होती आणि तिथल्या रुग्णांच्या रक्तात अल्बिकान्सच अधिक सापडत होती. भारतातील विद्यार्थ्यांनी तीच क्रमवारी पाठ केली, आणि ती इथल्या रक्ताला लागू पडते का हे तपासण्याची निकड बराच काळ कोणाला भासली नाही.

ती न भासण्याचे कारण आळस नव्हते, औषधशास्त्र होते. १९५० च्या सुमारास एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या न्यूयॉर्कमधील दोन संशोधिकांनी मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून निस्टॅटिन मिळवले, आणि १९५५ च्या सुमारास व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील दुसऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून अँफोटेरिसिन बी मिळाले. ही औषधे पॉलिइन वर्गातील, म्हणजे ज्यांच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते अशी. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा मेद असतो, जो माणसाच्या पेशीत नसतो. पॉलिइन त्याला जाऊन चिकटते, आवरणाला गळती लावते आणि पेशी मरते. एर्गोस्टेरॉल जवळजवळ प्रत्येक यीस्टमध्ये असल्यामुळे अल्बिकान्स असो की ट्रॉपिकॅलिस, औषध एकच. मग जातीचे नाव शोधण्यात दोन दिवस का घालवावेत, हा त्या काळच्या डॉक्टरचा प्रश्न वाजवी होता.

स्वतंत्र भारतात सार्वजनिक क्षेत्रातला पहिला औषध कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन तयार करण्यापुरताच हा कारखाना राहिला असता तर प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध आला नसता. परंतु तेथील संशोधन विभागाची धुरा मंड्यम जीरसन्निधी तिरुमलाचार यांच्याकडे आली, आणि ते मुळात वनस्पतींवरील बुरशींचे, विशेषतः तांबेरा आणि काणी या रोगांचे जाणकार होते. बुरशी पिकाचे काय करते हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाने जीवाणूनाशकांच्या कारखान्यात बुरशीनाशकांचा शोध मांडावा, हे त्यांच्या पिंडाला धरूनच झाले. १९६१ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालेल्या पॉलिइनचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या जीवाणूला त्यांनी गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले आणि औषधाला ‘हॅमायसिन’, ज्याच्या आरंभी कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.

हॅमायसिन हे सात दुहेरी बंधांचे पॉलिइन. निस्टॅटिनपेक्षा ते पाण्यात अधिक मिसळते आणि तोंडाने घेतल्यावर त्याचा काही अंश आतड्यातून रक्तात उतरतो, या दोन गुणांमुळे त्याच्याविषयी मोठी आशा निर्माण झाली. कारण अँफोटेरिसिन शिरेतूनच द्यावे लागे, त्याने रुग्णाला हुडहुडी भरून ताप येई आणि मूत्रपिंडे बिघडत. अमेरिकेतही खोलवर गेलेल्या बुरशीरोगांवर, म्हणजे फुप्फुसातून शरीरभर पसरणाऱ्या ब्लास्टोमायकोसिससारख्या विकारांवर, १९६० च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या आणि अधिक बारीक कणांचे हॅमायसिन करून शोषण वाढते का हेही पाहिले गेले. आशा तिथेच अडली. रक्तात उतरणारा अंश एवढा अनिश्चित होता की त्याच्या भरवशावर रक्तातल्या संसर्गाचा उपचार करणे शक्य नव्हते, आणि हॅमायसिन अखेर मुखातील पांढऱ्या चट्ट्यांसाठी, योनिमार्गाच्या संसर्गासाठी आणि कानातल्या बुरशीसाठी बाहेरून लावायचे औषध म्हणून उरले. भारतीय औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याची नोंद चार-दोन ओळींत संपते. परदेशी परवान्यावाचून, स्वतःच्या मातीतल्या जीवाणूपासून, औषधाचा नवा रेणू काढण्याचे काम देश स्वतंत्र झाल्यावर १५ वर्षांच्या आत एका सरकारी कारखान्यात झाले होते, हे ध्यानात घेता त्या चार-दोन ओळी कमीच म्हणाव्या लागतील.

त्याच प्रयोगशाळेतून पुढे ‘ऑरिओफंगिन’ हे पिकांसाठीचे पॉलिइनही निघाले. एकाच ठिकाणी माणसासाठी आणि झाडासाठी बुरशीनाशके तयार होत होती, ही गोष्ट त्या काळी कौतुकाचीच होती. तिची दुसरी बाजू पुढे कोकणातल्या बागांच्या संदर्भात पाहावी लागेल.

पॉलिइनच्या वाटेवरचा महाराष्ट्रातील दुसरा टप्पा मुंबईचा आहे. अँफोटेरिसिनची विषारी बाजू कमी करण्यासाठी ते मेदाच्या अतिसूक्ष्म गोलकांत, ज्यांना लायपोसोम म्हणतात, गुंडाळून देण्याची युक्ती पाश्चात्त्य कंपन्यांनी बाजारात आणली होती, पण तिची किंमत सरकारी रुग्णालयातील रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती. दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत यांच्या गटाने लायपोसोमवर काम केले, आणि मुंबईत परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय येथे औषधशास्त्रज्ञ नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या रुग्णचाचण्या झाल्या. ‘फंगिसोम’ या नावाने ते औषध विक्रीस आले आणि त्याच्या विक्रीनंतरच्या वापराचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपरीप्रमाणेच परळलाही, औषध कोणत्या जातीवर चालवायचे हा प्रश्न दुय्यम होता; ते सर्वांवर चालेल याच गृहीतावर सारी उभारणी झाली होती.

प्रयोगशाळेतली बाजू याच काळात सावकाश पुढे सरकत होती. रुग्णाच्या शिरेतून काढलेले रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवायचे, ही ब्लड कल्चरची मूळ रीत. पुढे बाटलीत वाढणाऱ्या जीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हेरून आपोआप इशारा देणारी यंत्रे आली. इशारा मिळाला की थेंबभर द्रव काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंजन करतात, आणि जांभळ्या रंगाच्या, जीवाणूंहून कितीतरी मोठ्या, कळी फुटलेल्या पेशी दिसल्या की तंत्रज्ञ ताबडतोब वॉर्डात फोन करतो. तेवढ्यावरून ‘यीस्ट आहे’ एवढेच कळते. कोणते, हे कळण्यासाठी १९६० मध्ये क्लेअर ताश्जियान आणि सहकाऱ्यांनी मांडलेली जर्म ट्यूब चाचणी फार उपयोगी पडली: यीस्टची थोडी वाढ मानवी रक्तद्रवात ३७ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवली तर अल्बिकान्सच्या पेशीला मुळाशी न आवळलेली एक सरळ नळी फुटते, इतर बहुतेक जातींना फुटत नाही. रक्तद्रव, उबवणपेटी आणि सूक्ष्मदर्शक एवढेच तिला लागते, म्हणून ती भारतातील तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते, आणि अजून होते. पण तिचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते. ‘होय’ आले की अहवालात अल्बिकान्स लिहायचे. ‘नाही’ आले की पुढे मक्याच्या पिठाच्या आगारवर वाढवून आभासी तंतूंची ठेवण पाहायची, कोणकोणती शर्करा ती जात वापरते हे एकेक करून तपासायचे, आणि त्यात आठवडा गेला की तोवर रुग्ण एकतर घरी गेलेला असायचा किंवा दगावलेला. म्हणून असंख्य अहवालांत नकाराचे उत्तर ‘नॉन-अल्बिकान्स कँडिडा’ या एका शब्दप्रयोगात कोंबले गेले. तो शब्दप्रयोग म्हणजे ओळख नव्हे, ओळखीचा अभाव होय, आणि तरीही त्यावर कित्येक वर्षे शोधनिबंध लिहिले गेले.

१९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुकोनॅझोलने हे सारे उलटेपालटे केले. एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवणारे हे अॅझोल वर्गातील औषध गोळीने देता येते, मूत्रपिंडांना फारसे त्रास देत नाही, आणि भारतीय कंपन्यांनी ते लवकरच अत्यंत स्वस्तात उपलब्ध करून दिले. परंतु ते सर्वांवर चालत नाही. ‘कँडिडा क्रुसाय’ या जातीवर ते उपजतच निष्प्रभ आहे, आणि ‘कँडिडा ग्लॅब्राटा’ थोड्याच सहवासात त्याला दाद देईनाशी होते. पॉलिइनच्या राज्यात चैनीची वाटणारी जातीची ओळख अॅझोल येताच उपचाराची पूर्वअट झाली. १९९४ मध्ये फ्रँक ऑड्स आणि सहकाऱ्याने क्रोमअॅगर या रंगीत माध्यमाचा उपयोग वर्णिला, ज्यावर अल्बिकान्सच्या वसाहती हिरव्या, ट्रॉपिकॅलिसच्या निळ्या-जांभळ्या आणि क्रुसायच्या फिकट गुलाबी, खरखरीत उगवतात. एका रात्रीत नाही तरी दोन दिवसांत, विशेष यंत्रावाचून, तीन-चार प्रमुख जाती वेगळ्या करता येण्याची सोय यामुळे मध्यम रुग्णालयांनाही झाली.

ओळखीच्या जोडीला औषधसंवेदनशीलतेची मोजणी आली. विशिष्ट औषध किती मात्रेत यीस्टची वाढ रोखते हे पाहण्यासाठी औषधाची मात्रा दर खळग्यात निम्मी करत जाणारी पट्टी तयार करतात, प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने पेशी घालतात आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ अडते ती नोंदतात. तिला किमान रोधक मात्रा, प्रयोगशाळेच्या भाषेत एमआयसी, म्हणतात. जीवाणूंसाठी ही मोजणी जुनीच होती, पण बुरशीच्या बाबतीत दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसत, इतके की अमेरिकेतील प्रमाणीकरण समितीने १९८२ मध्ये हे काम हाती घेतले आणि तिची मान्य पद्धत प्रसिद्ध व्हायला १९९७ साल उजाडले. अडचणींपैकी एक तर थेट ट्रॉपिकॅलिसची आहे: या जातीचे काही वाण अॅझोलच्या कितीही मात्रेत पुसटसे वाढतच राहतात, आणि ४८ तासांनी पाहणाऱ्याला ते प्रतिकारक वाटतात, जरी २४ तासांच्या वाचनात व रुग्णाच्या शरीरात ते औषधाला दबत असले तरी. २००४ मध्ये आलेली चकतीची पद्धत साधी आहे. म्युलर-हिंटन आगारमध्ये २ टक्के ग्लुकोज आणि अल्पसे मेथिलीन ब्लू घालून, त्यावर यीस्ट पसरून, मधोमध २५ मायक्रोग्रॅम फ्लुकोनॅझोलची चकती ठेवायची आणि भोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. जिल्ह्याच्या पातळीवरील प्रयोगशाळांना परवडेल अशी मोजणी हीच.

मात्र आकडा मिळाला तरी तो एकटा बोलत नाही, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. २०१० नंतरच्या सुधारित निकषांत सीमारेषा जातीनुसार वेगवेगळ्या ठरल्या. फ्लुकोनॅझोलची एमआयसी ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली तर ट्रॉपिकॅलिस, अल्बिकान्स किंवा ‘कँडिडा पॅराप्सिलोसिस’ ही आणखी एक जात असल्यास ती जात प्रतिकारक मानायची. तोच आकडा ग्लॅब्राटाचा असल्यास मोठ्या मात्रेने दबू शकेल असे समजायचे. आणि क्रुसाय असल्यास आकडा पाहायचाच नाही. ‘नॉन-अल्बिकान्स’ लिहून खाली एमआयसी छापणाऱ्या अहवालाचा यामुळे अर्थच लागेना.

भारतातील जातींची खरी क्रमवारी दरम्यान उघड होऊ लागली होती. अहमदनगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरमधील, लोणी येथे प्रवरा साखर कारखान्याच्या परिसरात उभ्या राहिलेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात सचिन देवरुखकर, संतोष सैनी आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात कँडिडाच्या जाती, त्यांची रोगकारक अस्त्रे आणि त्यांची औषधसंवेदनशीलता यांवर निबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली, आणि त्यांतील एक संपूर्ण निबंध ट्रॉपिकॅलिसला वाहिलेला आहे. महानगरातील नामांकित संस्थांऐवजी उसाच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून हे काम व्हावे, याला महत्त्व आहे. रक्तातले यीस्ट हा केवळ मुंबईच्या पंचतारांकित अतिदक्षता विभागांचा प्रश्न नाही हे त्याने दाखवले. देशपातळीवर चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील अरुणालोक चक्रवर्ती यांनी २७ अतिदक्षता विभागांतील १,४०० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार अशा विभागात दाखल होणाऱ्या दर हजारातील सुमारे ६.५ रुग्णांच्या रक्तात कँडिडा सापडत होती, संसर्ग दाखल झाल्यापासून साधारण आठव्या दिवशी उघड होत होता, आणि सर्वांत पुढे होती ट्रॉपिकॅलिस, ४१.६ टक्के. महिन्याभरात ४४.७ टक्के रुग्ण दगावले, अर्थात त्यांतील सर्व मृत्यू यीस्टमुळे नव्हते. कास्तेल्लानीच्या नावनोंदणीनंतर शंभर वर्षांनी ही जात भारतीय अतिदक्षता विभागात पहिल्या स्थानी आल्याचे मोजून सिद्ध झाले.

याच चक्रवर्तींच्या संस्थेत १९९६ ते १९९८ या काळात नवजात आणि लहान मुलांच्या विभागात ‘पिचिया अनोमाला’ या एरवी अन्नपदार्थांत आढळणाऱ्या यीस्टची साथ येऊन ३७९ मुले बाधित झाली होती. ती साथ होती हे कळले ते जातीपर्यंत ओळख पटवली म्हणून. ‘यीस्ट’ एवढेच लिहिले असते तर ते सुटे-सुटे संसर्ग वाटले असते.

नाव चुकल्याने काय होते याचा सर्वांत मोठा धडा ‘कँडिडा ऑरिस’ने दिला. जपानमधील एका वृद्धेच्या कानातून मिळालेल्या यीस्टचे २००९ मध्ये नवी जात म्हणून वर्णन झाले, आणि २०१३ मध्ये दिल्लीतील अनुराधा चौधरी यांनी दोन रुग्णालयांतील १२ रुग्णांमध्ये तीच, एकाच कुळातली, जात पसरल्याचे दाखवले. ती फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही, अँफोटेरिसिनलाही कधी कधी देत नाही, पलंगाच्या कठड्यावर आणि रुग्णाच्या त्वचेवर आठवडेच्या आठवडे टिकते; पॉलिइन सर्वांवर चालते या जुन्या गृहीताला तिने तडा दिला. त्याहून घातक बाब म्हणजे रुग्णालयांतील स्वयंचलित यंत्रे तिला ओळखतच नव्हती, कारण त्यांच्या संचयात तिचे नाव नव्हते. चौधरींच्या गटाने २०१५ मध्ये भारतीय रुग्णालयांतून आलेले १०२ नमुने तपासले, ज्यांवर यंत्राने ‘हीम्युलोनाय’ किंवा ‘फॅमाटा’ या कँडिडाच्या दुसऱ्याच जातींचा शिक्का मारला होता; जनुकक्रम वाचल्यावर त्यांतील ८८ टक्के ऑरिस निघाले. अचूक ओळख दिली ती मॅल्डी-टॉफ या तंत्राने, ज्यात पेशीतील प्रथिनांवर लेसर मारून त्यांच्या वस्तुमानांचा नकाशा काढतात आणि तो ज्ञात जातींच्या नकाशांशी ताडतात. काही मिनिटांत होणाऱ्या या तपासणीचे यंत्र मात्र कोट्यवधी रुपयांचे आहे. चक्रवर्तींच्या १,४०० रुग्णांतही पुनर्तपासणीत ऑरिस ७४ जणांत सापडली, आणि खासगी रुग्णालयांपेक्षा सरकारी रुग्णालयांत तिचे प्रमाण अधिक होते. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान, चौधरींनी अभ्यासलेल्या अतिदक्षता विभागातील कँडिडाबाधित १५ रुग्णांपैकी १० जणांच्या रक्तात ऑरिसच होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्यसूची केली, तेव्हा ऑरिस सर्वाधिक गंभीर गटात गेली. अलीकडे तिचे कुलनामही बदलून ‘कँडिडोझायमा’ झाले, तर क्रुसाय ‘पिचिया कुद्रियावझेवी’ आणि ग्लॅब्राटा ‘नाकासिओमायसिस’ झाली आहे. वॉर्डातल्या डॉक्टरचा गोंधळ होऊ नये म्हणून अहवालात जुने नावही सोबत छापावे असे तज्ज्ञ सांगतात.

ऑरिस रुग्णालयाबाहेर कुठे राहते या शोधाने चौधरींचा गट अंदमानच्या खारट दलदलीत आणि समुद्रकिनाऱ्यावर पोहोचला, जिथे २०२१ मध्ये ती मिळाली. पुढे साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवरही ती आढळली, ताज्या तोडलेल्यांवर नाही. कोकणाच्या वाचकाला ही माहिती दूरची वाटू नये. रत्नागिरीच्या हापूस बागांत मोहोरावरील भुरी रोगासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात हेक्झाकोनॅझोल हे औषध वर्षानुवर्षे आहे, आणि ते फ्लुकोनॅझोलच्याच अॅझोल कुळातले आहे. बुरशीच्या पेशीत दोघांचे लक्ष्य एकच. शेतातील अॅझोलमुळे ‘अॅस्परजिलस’ या तंतुमय बुरशीत प्रतिकार वाढतो हे युरोपात आणि भारतात दाखवले गेले आहे, आणि त्या प्रतिकारक वाणांचा संसर्ग कधीही अॅझोल न घेतलेल्या माणसालाही होतो. यावरून बागायतदाराला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण भुरी लागली तर मोहोर जातो आणि वर्षाची कमाई जाते. पण एका हंगामात तेच औषध पुन्हा पुन्हा न मारता गंधकाशी आलटून-पालटून वापरावे, हा शेतीशास्त्राचा जुना सल्ला आता रुग्णालयाच्याही हिताचा ठरतो. पिंपरीच्या ऑरिओफंगिनपासून सुरू झालेली माणूस आणि झाड यांची औषधांतली भागीदारी इथे अडचणीची होते.

रत्नागिरी जिल्ह्यात आता अतिदक्षता विभाग आहेत, नवजात शिशूंचे उपचार जिल्ह्यातच होतात, चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालयाचे वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. रोगाला लागणारी परिस्थिती आली, तिच्यामागून सूक्ष्मजीवशास्त्र विभागही आले. तपासणीचे अंतर काय असते याचा अनुभव जिल्ह्याने करोनाच्या आरंभी घेतला होता, जेव्हा घशाचे नमुने मिरजेला जात असत, आणि जून २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा झाल्यावरच निकाल गावात मिळू लागले. यीस्टच्या बाबतीत हे अंतर एका उडीत मिटणारे नाही. बाटली उबवणे, ग्रॅम रंजन, जर्म ट्यूब, क्रोमअॅगर आणि फ्लुकोनॅझोलची चकती एवढे जिल्ह्यात होऊ शकते. जर्म ट्यूब नकारात्मक आली, क्रोमअॅगरवरचा रंग ओळखीचा नसला किंवा यंत्राने हीम्युलोनायसारखे विरळ नाव सांगितले, तर ती वसाहत मॅल्डी-टॉफ असलेल्या ठिकाणी पाठवावी लागते.

तोवर उपचार थांबत नाहीत. यीस्ट दिसल्याचा फोन येताच नीलेतली नळी काढणे किंवा बदलणे, डोळ्याच्या पडद्यावर संसर्ग उतरला आहे का हे बाहुली मोठी करून पाहणे आणि परवडत असेल तर एकायनोकँडिन, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तीवर हल्ला करणारे २००१ नंतरचे औषध, सुरू करणे, असा आजचा क्रम आहे. न परवडल्यास अँफोटेरिसिन. नाव आणि संवेदनशीलता हाती आली की स्वस्त फ्लुकोनॅझोलवर उतरता येते का हे ठरते. मधल्या काळात ब्लड कल्चर रोज किंवा एक दिवसाआड पुन्हा काढायचे असते, कारण उपचाराचे १४ दिवस मोजले जातात ते औषधाच्या पहिल्या डोसापासून नव्हे, तर बाटलीत यीस्ट उगवले नाही अशा पहिल्या तारखेपासून.